संगणकावरील खेळांचीं चित्रें कशीं शिकावीं?

(नभोवाणीवरील भाषण)

पुण्याहून दक्षिणेकडे निघालें म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटरांवर नीरा नदी लागते. पूल ओलांडला कीं पुणें जिल्हा संपतो, सातारा जिल्हा सुरू होतो, आणि थोड्याच वेळांत शिरवळ येतें. या गांवीं मी एका स्नेह्यांकडे मुक्कामास होतों. रात्रीं जेवणें झाल्यावर शेजारचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास घेऊन आले. मुलगा बारावीच्या वर्गांत शिकणारा. संगणकावर जे खेळ खेळतात त्यांचीं चित्रें करण्याची विद्या आपणांस शिकावयाची आहे, असें त्याचें म्हणणें होतें. एका शिकवणीवर्गाचें रंगीत माहितीपत्रकहि त्याच्या हातांत होतें. त्यांतील वार्षिक फीचा आंकडा वडिलांनीं मला दाखविला आणि ते म्हणाले, "गुरुजी, पोराची हौस मोडावी असें वाटत नाहीं. पण एवढा पैसा भरून हा नेमकें काय शिकणार, तें तरी आम्हांस कळूं द्या. त्यासाठीं जमिनीचा तुकडा विकावा काय?"

श्रोतेहो, हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाहीं. आज पुष्कळ घरांतून तो विचारला जात आहे, आणि मुलाला काय शिकावयाचें आहे हें ठाऊक नसल्यामुळें आईबाप एक तर सरसकट नकार देतात, किंवा डोळे मिटून पैसे भरतात. म्हणून या विद्येचें स्वरूप काय, तिचा आरंभ कोठून करावा आणि तिला खर्च किती लागतो, एवढें आज मी सांगणार आहें.

खेळांतलें चित्र आणि भिंतीवरचें चित्र यांत एक मोठा भेद आहे. चित्रकारानें कुंचला खालीं ठेवला कीं त्याचें चित्र पुरें झालें; मग तें शंभर वर्षें तसेंच राहील. चित्रपटांतील चित्रें हालतात खरीं, पण तींहि आधीं ठरलेलीं असतात. खेळांत मात्र खेळणारा डावीकडे वळला तर डावीकडचा देखावा दिसला पाहिजे, विहिरींत डोकावला तर विहिरीचा तळ दिसला पाहिजे. तो कोठें वळेल हें चित्रकाराला ठाऊक नसतें. म्हणून चित्रकार देखावा काढून ठेवीत नाहीं, तर देखाव्याचें साहित्य तयार करून ठेवितो. आणि खेळ चालूं असतां संगणक त्या साहित्यांतून दर क्षणीं नवें चित्र काढतो. हें तो सेकंदाला तीस, आणि चांगल्या खेळांत साठ वेळां करितो.

आतां थोडें गणित करूं. संगणकाचा पडदा बारीक बिंदूंचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० बिंदु असतात. प्रत्येक बिंदूंत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश, आणि प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणानें १,६७,७७,२१६ रंगछटा होतात. सेकंदाला साठ चित्रें म्हणजे १२ कोटी ४४ लक्षांहून अधिक बिंदूंचा रंग एका सेकंदांत ठरवावयाचा! यंत्र झालें तरी त्याच्या शक्तीला मर्यादा आहेच. एका चित्राला त्याच्यापाशीं सेकंदाचा साठावा भाग असतो. तेवढ्यांत काम उरकलें नाहीं तर खेळ अडखळतो आणि खेळणारा कंटाळून उठतो. या विद्येचा पहिला धडा काटकसर हा आहे, तो यामुळें.

काटकसरीनें चित्र बिघडतेंच असें नाहीं. १९८१ सालीं जपानांतील निंटेंडो या कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळासाठीं शिगेरु मियामोतो यांना एका सुताराची आकृति करावयाची होती. जागा मिळाली जेमतेम सोळा बिंदु रुंद आणि सोळा बिंदु उंच. एवढ्याशा जागेंत ओठ काय काढणार? म्हणून त्यांनीं मोठें नाक आणि त्याखालीं मिशी दिली. केंस नीट दिसेनात, म्हणून डोक्यावर टोपी चढविली. धांवतांना हात अंगापासून निराळे दिसावेत म्हणून अंगांतील सदरा एका रंगाचा आणि त्यावरची कामगाराची विजार दुसऱ्या रंगाची केली. तोच पुढें मारिओ या नांवानें जगभर ओळखला जाऊं लागला. त्याची मिशी आणि टोपी हीं अडचणींतून निघालेलीं आहेत.

आपल्या घरांतील स्त्रियांना ही युक्ति परकी वाटणार नाहीं. दुसुतीच्या कापडावर फुलीचे टांके घालून मोर काढणारी बाई हेंच करीत असते. धागे मोजून, घरें मोजून, किती टांक्यांत मोराची मान वळते हें तिला ठाऊक असतें. म्हणून मी त्या मुलाला पहिला अभ्यास सांगितला तो संगणकावरचा नव्हे. गणिताची चौकटींची वही घ्यावी, सोळा गुणिले सोळा म्हणजे २५६ घरें आंखावीं, आणि तीनच रंगांत एक बैल, एक घागर आणि घरांतलें एक माणूस काढावें. मग तें घरच्यांना दाखवून, नांव न सांगतां, "हें काय आहे?" असें विचारावें. आजीला बैल ओळखूं आला नाहीं, तर दोष आजीच्या चष्म्याचा नाहीं. कोणतें घर भरल्यावांचून बैल बैल दिसत नाहीं आणि कोणतें पुसलें तरी चालतें, याचा शोध घेणें हाच तो अभ्यास.

यापुढची पायरी घन वस्तूंची. संगणकांत घर, झाड, माणूस, जें कांहीं उभें करावयाचें तें बहुधा त्रिकोणांचें करितात. त्रिकोणच कां? तीन पायांची तिपाई कितीहि खडबडीत जमिनीवर डळमळत नाहीं; चार पायांच्या खुर्चीचा एक पाय मात्र अधांतरीं राहूं शकतो. तीन बिंदु नेहमीं एकाच सपाटींत असतात, चार असतीलच असें नाहीं. म्हणून यंत्राला त्रिकोणाचा हिशेब सोपा पडतो. त्रिकोण जितके अधिक, तितका आकार नाजूक. आणि तितकाच यंत्रावर भार.

येथें मी स्वतः केलेली चूक सांगतों. शिरवळास हेमाडपंती बांधणीची जुनी दगडी पाणपोई आहे. दगडी खांब, दगडी छप्पर. वाटसरूंना पाणी मिळावें म्हणून कोणीं तरी केलेली सोय. ही विद्या शिकूं लागलों तेव्हां मीं मोठ्या हौसेनें ती पाणपोई संगणकांत बांधावयास घेतली. छिन्नीचा एकएक घाव, दगडाचा एकएक टवका मीं त्रिकोणांनीं कोरला. त्रिकोणांची संख्या लक्षांवर गेली. चित्र म्हणून तें बरें दिसलें. परंतु खेळांत ठेवतांच सगळा खेळ चिखलांत रुतलेल्या गाडीसारखा चालूं लागला. अनुभवी मित्रानें तें पाहून एकच प्रश्न विचारला, "या घावांपैकीं किती घाव दहा पावलांवरून दिसतात?" मला उत्तर देतां येईना, कारण मीं पाणपोई जवळून पाहिली होती, दहा पावलांवरून पाहिलीच नव्हती.

मग खरी रीत समजली. वस्तूच्या कडेची रेषा ज्यानें बदलते, तेवढेंच त्रिकोणांनीं घडवावें. खांबाचा बाहेर आलेला भाग आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, म्हणून तो खरा असावा. अंगावरचा खडबडीतपणा मात्र चित्रानें दाखवावा. यासाठीं वस्तूचें वरचें कातडें जणूं सोलून सपाट पसरतात. शिंपी जसा अंगाच्या मापाचे तुकडे सपाट कापडावर बेततो आणि शिवण कोठें आली असतां झांकेल याचा विचार करितो, तसेंच हें काम आहे. त्या सपाट तुकड्यांवर दगडाचा रंग, शेवाळ, डाग रंगवितात आणि तें चित्र पुन्हा वस्तूस नेसवितात.

याच्या जोडीला आणखी एक चमत्कारिक चित्र असतें. त्यांत रंग साठविलेला नसून प्रत्येक ठिकाणीं पृष्ठभाग कोणत्या दिशेस कलला आहे याची नोंद असते. यंत्र त्या नोंदीप्रमाणें उजेड आणि सांवली पाडतें, आणि अगदीं सपाट फळीहि छिन्नीनें घडविल्यासारखी भासते. फसवणूक खरी, पण नाटकाचा पडदा रंगविणाराहि हीच फसवणूक करितो, आणि प्रेक्षक त्याला त्याबद्दल दुवा देतात.

या चित्रांच्या आकारालाहि हिशेब आहे. दोन्ही बाजूंस १०२४ बिंदु असलेलें चित्र न दाबतां ठेवलें तर यंत्राच्या स्मरणांत चार मेगाबाइट जागा घेतें. बाजू दुप्पट केली कीं जागा चौपट, म्हणजे सोळा. पुन्हा दुप्पट केली कीं चौसष्ट. कोपऱ्यांतल्या मडक्यावर चौसष्ट खर्च करणारा चित्रकार दरवाज्यासाठीं उधारी मागत फिरतो! म्हणून एकाच वस्तूचीं तीनचार रूपें करून ठेवितात. जवळ असतां नाजूक, दूर गेल्यावर ढोबळ. आणि अंतराप्रमाणें यंत्र तीं बदलीत राहतें.

परंतु श्रोतेहो, माझी पाणपोई सुधारली ती केवळ या युक्त्यांनीं नव्हे. मी पुन्हा शिरवळास गेलों, आणि दुपारीं बारा वाजतां व सायंकाळीं पांच वाजतां तीच भिंत पाहिली. दुपारीं तिच्यावर कांहींच दिसत नव्हतें. सायंकाळीं तिरप्या उन्हांत प्रत्येक घाव बोलूं लागला. दगडाची झीजहि सारखी नसते, हें मला तेव्हां उमगलें. जेथें माणसांचे हात आणि पाठी लागतात तेथें तो गुळगुळीत होतो. जेथून पावसाचें पाणी ओघळतें तेथें काळा पट्टा उमटतो. संगणकाला हें ठाऊक नाहीं. तें त्याला आपण सांगावयाचें, आणि सांगण्यापूर्वीं आपण पाहिलेलें असावयाचें.

तिसरी पायरी हालचालीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गांव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करीत आले आहेत. काठीनें सांधा हालविला म्हणजे पडद्यावरची छाया हालते. संगणकांतील पात्राच्या अंगांतहि असाच एक सांगाडा घालावा लागतो. खांदा फिरला कीं कोपर आणि पंजा त्याच्या मागोमाग गेले पाहिजेत. कातडी सांध्यावर ताणली पाहिजे, फाटतां कामा नये. चालण्याचीं मुख्य रूपें चार: पुढचा पाय टेकला, भार येऊन अंग खालीं दबलें, मागचा पाय शेजारून पुढें निघाला, अंग सर्वांत उंच झालें. दुसऱ्या पायाचीं पुन्हा चार, मिळून आठ. एवढीं बरोबर साधलीं कीं पात्र चालतें. पण डोक्यावर हारा घेतलेली बाई, गुडघा धरणारा म्हातारा आणि शाळेला उशीर झालेला मुलगा हे एकसारखे चालत नाहींत. शिरवळच्या बसथांब्यावर अर्धा तास वही घेऊन बसणाऱ्यास हें फुकट शिकावयास मिळतें.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व जपानांत आणि अमेरिकेंत शोभतें. आपल्याकडे असें कोणीं केलें आहे काय? केलें आहे, आणि तेंहि शिरवळाहून दोन तासांच्या आंत. पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. आपल्या भावाच्या शोधांत निघालेल्या राजी नांवाच्या मुलीची ती कथा. खेळांतील वाडे आणि किल्ले राजस्थानी धर्तीचे, रंगकाम हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी लघुचित्रांवरून घेतलेलें, आणि मधल्या कथा छायाबाहुल्यांच्या रीतीनें सांगितलेल्या. या मंडळींनीं लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न केला होता; तो फसला. तरी त्यांनीं काम टाकलें नाहीं. त्या वर्षींच्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पहिल्या कृतीसाठीं जीं नांवें निवडलीं गेलीं त्यांत 'राजी'चें नांव होतें. परक्या खेळांची नक्कल करून हें झालें नसतें. आपल्या देशांतील चित्रें त्यांनीं बारकाईनें पाहिलीं, म्हणून त्यांच्या खेळाला स्वतःचा चेहरा मिळाला.

सातारा जिल्ह्यांतील विद्यार्थ्यालाहि पाहण्यासारखें पुष्कळ आहे. खंबाटकीचा घाट ओलांडला कीं वांई. तेथून जवळच मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यांत भित्तिचित्रें आहेत. औंध येथें बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं १९३८ सालीं स्थापिलेलें श्रीभवानी संग्रहालय आहे. ते स्वतः चित्रकार होते. कमींत कमी रंगांत कापडाची चूण कशी दाखविली आहे, डोळ्याला कोठें थांबविलें आहे, हें तेथें उभें राहून वहींत उतरवावें. एस. टी. च्या तिकिटाहून अधिक फी या वर्गास पडत नाहीं.

येथेंच एक इशारा देणें अवश्य आहे. शिरवळास नीरेच्या कांठीं सुभानमंगळ नांवाचा भुईकोट किल्ला होता. १६४८ सालीं फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळीं आदिलशाही फौजेनें तो घेतला, आणि शिवाजी महाराजांच्या वतीनें कावजी मल्हार यांनीं तो परत जिंकला. आज त्याचे अवशेषच काय ते उरले आहेत. खेळाची चित्रकला शिकलेल्या मुलास तो पुन्हा उभा करण्याचा मोह होईल, आणि व्हावाच. पण जो बुरूज आज दिसत नाहीं त्याची उंची तो कोठून आणणार? कल्पनेनें बांधलेली भिंत पडद्यावर इतकी खरी दिसते कीं, पाहणारा तिलाच इतिहास समजतो. दहा वर्षांनीं पाठ्यपुस्तकांतहि तेंच चित्र जावयाचें. म्हणून मोजून घेतलेला भाग आणि कल्पनेचा भाग असे दोन निराळे थर करावे, आणि कोणता कोणता तें उघड सांगावें. खेळांत कल्पनेला बंदी नाहीं. परंतु कल्पनेवर पुराव्याचा शिक्का मारण्यास आहे.

आतां त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतों. आरंभास पैसा किती? फारच थोडा. घन वस्तु घडविण्याचें 'ब्लेंडर' हें साधन विनामूल्य आहे. हॉलंडमध्यें टॉन रोझेंडाल यांनीं २००२ सालीं लोकांकडून एक लाख युरो वर्गणी जमवून तें सर्वांस कायमचें मोकळें करून दिलें. तें फुकट म्हणून हलकें समजूं नये. २०२५ सालीं ऑस्कर मिळविणारा 'फ्लो' हा चित्रपट त्यावरच केलेला आहे. रंगविण्यास 'क्रिटा', छायाचित्रें सुधारण्यास 'गिंप', आणि सगळें जुळवून खेळ चालता करण्यास 'गोडो', हींहि विनामूल्य आहेत. पहिल्या अभ्यासांना साधा संगणक पुरतो. महागडें यंत्र आधीं घेणें म्हणजे पोहण्याआधीं बक्षिसाचा पेला ठेवण्यास कपाट करण्यासारखें आहे.

क्रम असा ठेवावा. पहिले दोन महिने वही आणि पेन्सिल. शाळेंत असतांना शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकलेच्या परीक्षा दिल्या असतील तर पाया घातला गेला आहे. पुढचे दोन महिने चौकटींचीं चित्रें. त्यानंतर एकच घन वस्तु, घागर किंवा कंदील, पूर्ण होईपर्यंत; आणि ती खेळांत ठेवून चालवून पाहावी. शंभर अर्धवट कामांपेक्षां एक पुरें झालेलें काम अधिक शिकवितें, आणि पुढें नोकरी देणाराहि प्रमाणपत्राआधीं कामाची वहीच मागतो. सहा महिन्यांनंतरहि गोडी टिकली तर मोठ्या शिक्षणाचा विचार करावा. मुंबईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्पाचें केंद्र १९६९ पासून चालूं आहे. राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या बंगळूर शाखेंत, पदवीनंतर, संगणकीय खेळांच्या रचनेचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. दोन्ही ठिकाणीं प्रवेशपरीक्षा असते, आणि तेथें बटणें किती येतात हें न विचारतां विचार आणि रेखाटन पाहतात.

पोट भरेल काय? भरतें, पण हमी नाहीं. या धंद्यांत काम कंत्राटानें येतें आणि कंत्राटानें जातें. शिवाय अलीकडे नुसत्या वर्णनावरून क्षणांत चित्र काढून देणारीं यंत्रें निघालीं आहेत, आणि साधीं कामें तीं माणसांच्या हातून काढून घेत आहेत. त्यामुळें जो केवळ बटणें शिकला त्याची विद्या स्वस्त झाली. यंत्रानें दिलेल्या चित्रांत खांबाचा भार कोठें चुकला, सांवली उलट कशी पडली, हें ज्याला दिसतें त्याची गरज मात्र राहिली आहे. आणि ही दृष्टि खेळापुरतीच नाहीं. शिरवळच्या परिसरांत आज मोठमोठे कारखाने उभे आहेत. यंत्राचा भाग किंवा इमारत बांधण्यापूर्वीं ती पडद्यावर उभी करून दाखविणाराची जरूर त्यांनाहि पडते.

म्हणून त्या गृहस्थांना मीं सांगितलें, "जमीन विकूं नका, आणि मुलाला नाहींहि म्हणूं नका. सहा महिने त्याला वही, पेन्सिल आणि घरांतला संगणक द्या. त्या मुदतींत तो पाणपोईचा एक खांब असा करून दाखवो कीं, गांवांतला कोणीहि तो ओळखील. मग फीचें बोलूं." मुलगा थोडा हिरमुसला; माहितीपत्रकांत एवढा उशीर सांगितला नव्हता. पण जातांना त्यानें विचारलें, "गुरुजी, सायंकाळीं पांचला ऊन कोणत्या बाजूनें येतें?"

मीं त्याला उत्तर दिलें नाहीं. तें त्यानें तेथें जाऊनच पाहावयाचें होतें.